एकोणीस एकांची एकावळी

आलापल्लीच्या लाकूड डेपोत पाऊल टाकले की आधी नाकाला सागाचा वास लागतो आणि मग डोळ्यांना ओळी दिसू लागतात. जंगलातून आलेले ओंडके जाडीप्रमाणे निवडायचे, टेपने घेर मोजायचा, टोकावर हातोड्याचा छाप उठवायचा, क्रमांक घालायचा आणि मग त्यांच्या थप्प्या लावायच्या, असा तिथला क्रम. मी १९७२ मध्ये मास्तरकी करायला तिथे गेलो तेव्हा माझे वय बावीस होते. पदवीवरची शाई वाळलेली नव्हती. तेव्हा जिल्हा चंद्रपूरच होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये. बाजारात कानावर मराठी पडे, तेलुगू पडे, गोंडी आणि माडिया पडे. आणि पावसाळ्यात नाले भरले की चार-चार दिवस एस.टी. यायची नाही, मग वर्तमानपत्रे एकदमच गठ्ठ्याने वाचायची.

मुलांना मूळ संख्या कशी शिकवावी हे मला त्या डेपोने शिकवले. बारा ओंडके असले तर त्यांच्या सहा-सहाच्या दोन ओळी होतात, चार-चारच्या तीन होतात. पंधराच्या पाच-पाचच्या तीन. पण तेरा ओंडके घ्या. कशाही ओळी लावा, एक तरी ओंडका उरतो किंवा कमी पडतो. तेरा एका लांब ओळीतच मांडावे लागतात. अशा हट्टी संख्येला गणितात मूळ संख्या म्हणतात: एक आणि ती स्वतः, यांवाचून तिला कोणी भागत नाही. ही उपमा मुलांना इतकी पटली की संख्या 'फुटते' आणि 'फुटत नाही' अशीच भाषा वर्गात रूढ झाली. मीही ती उचलली.

१९७३च्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पत्र्यावरच्या आवाजात शिकवणे अशक्य झाले होते. म्हणून मी फळ्यावर नुसते एक लिहीत सुटलो. ११, १११, ११११, ११११११... एकपदरी हाराला आपल्याकडे एकावळी म्हणतात; या संख्यांना मी मनाशी तेच नाव दिले आणि आजही तेच वापरतो. मुलांना विचारले, यातल्या फुटणाऱ्या कोणत्या? अकरा फुटत नाही, हे सर्वांना ठाऊक. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एकांचे ४१ गुणिले २७१ होतात आणि सात एकांचे २३९ गुणिले ४६४९, हे मी कुठल्याशा पुस्तकात वाचले होते. ते मी मोठ्या रुबाबात फळ्यावर मांडले. मग खडू ठेवला आणि जाहीर केले, "अकरा तेवढी सुटली. तिच्यापुढची प्रत्येक एकावळी फुटते."

मागल्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे वडील डेपोत थप्प्या लावायच्या कामावर होते. त्याने विचारले, "सगळ्याच, गुरुजी?"

मी म्हणालो, "सगळ्याच."

आता हे मी कशाच्या बळावर म्हणालो? अर्धी गोष्ट खरी होती, आणि ती मला सिद्धही करता येत होती. एकांची गिनती स्वतः फुटणारी असेल तर एकावळी फुटतेच. सहा एक घ्या. ते तीन-तीनच्या दोन जुडग्यांत बसतात, म्हणून ११११११ ला १११ ने भाग जातो आणि उत्तर १००१ येते. दहा एक, पंधरा एक, एकवीस एक, सर्वांचे तसेच. उरल्या त्या मूळ गिनतीच्या एकावळी: तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. यातल्या सातापर्यंतच्या मला ठाऊक होत्या. पुढच्या मी गृहीत धरल्या. तरुण मास्तराला गृहीत धरायला फार वेळ लागत नाही.

त्या मुलाने मात्र गृहीत धरले नाही. आठवड्याभराने तो वही घेऊन आला. त्याने एकोणीस एक निवडले होते. का, ते मी विचारले नाही. बहुधा वहीच्या एका ओळीत तेवढेच मावत असावेत. ३ ने भागून पाहिले होते, ७ ने, ११ ने, १३ ने, असे ९७ पर्यंत. प्रत्येक पान भागाकारांनी भरलेले. मला म्हणाला, "हे काही फुटून नाही राहिलं, गुरुजी." आणि मी, सांगायला आज लाज वाटते, वही चाळून म्हणालो, "अजून मोठ्या संख्येने भागले की फुटेल. कोऱ्या वहीची नासाडी करू नकोस." तो गेला. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली, आणि मी माझी वाट धरली.

सात वर्षांनी, चंद्रपूरला बदली झाल्यावर, एका लेखात मला ती संख्या पुन्हा भेटली. १,११,११,११,... नव्हे, नीट मोजून लिहितो, कारण इथे एकही एक चुकून चालणार नाही:

११,११,११,११,११,११,११,११,१११

आठ वेळा अकरा आणि शेवटी एकशे अकरा, एकूण एकोणीस. ही मूळ संख्या आहे. ऑस्कर हॉप नावाच्या गृहस्थाने ते १९१६ मध्ये सिद्ध केले होते. म्हणजे मी वर्गात ती थाप मारली त्याच्या सत्तावन्न वर्षे आधी.

त्या लेखाने मला आणखी एक नाव दिले, आणि ते नाव मराठी होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. म्हणजे हॉपने ती संख्या सिद्ध केली त्या वर्षी हा मुलगा अकरा वर्षांचा होता. शाळा ठाण्याला, पदवीचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. आणि मग १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. हाती संशोधनाची पदवी नाही, भोवती विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही. शाळेचे काम उरकल्यावर हा माणूस आकड्यांशी खेळत बसे आणि जे सापडे ते पदरच्या पैशाने पुस्तिका छापून लोकांना वाटे. पुष्कळ विद्वानांनी त्याला पोरखेळ म्हटले. मला त्यांचा राग येत नाही. मीही एका वहीला नासाडीच म्हटले होते.

कापरेकरांचे नाव आज जगभर घेतले जाते ते ६१७४ साठी. चार आकडी संख्या घ्यावी (चारही आकडे तेच नकोत), तिचे आकडे उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि हेच करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तिथेच थांबते. हे त्यांना १९४९ मध्ये सापडले. फराळाच्या ताटाभोवती बसून घरातल्या मुलांनी करून पाहावे. मी कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊन पाहिले. १९०५ पासून निघालो तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे सर्वांत लांबची वाट. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीला टेकलेल्या या निवृत्त मास्तराचे नाव सातासमुद्रापार पोचले.

पण माझे काम होते ते त्यांच्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या शोधाशी. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना एक कल्पना सुचली आणि त्या स्टेशनाचेच नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले: डेम्लो संख्या. डोंबिवलीचे ते जुने नाव असे सांगतात. या कल्पनेचे मूळ आपल्या एकावळीतच आहे. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१. चार एकांचा १२३४३२१. अशा चढत जाऊन उतरणाऱ्या पायऱ्या नऊ एकांपर्यंत टिकतात. त्यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा, डोंगर चढून उतरल्यासारखा येतो. दहा एकांपासून हातचे शिरतात आणि शिखर ढासळते. यांना कापरेकरांनी 'अद्भुत' डेम्लो संख्या म्हटले आणि १९३८ मध्ये त्यांवर लेख छापला. पुढच्या वर्षी प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासह मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांची रीतसर उपपत्ती मांडली. गंमत अशी की १२३४३२१ मधला मधला ४ बाजूला ठेवा. डावीकडे १२३, उजवीकडे ३२१, आणि त्यांची बेरीज ४४४. डावे आणि उजवे टोक मिळून मधल्याच आकड्याची माळ देतात. हीच त्या संख्यांची ओळख. २५५३ पाहा: २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाच-पाच. रेल्वेच्या बाकावर बसून सुचलेली गोष्ट म्हणून मला ती फार आवडते.

कापरेकरांच्या आणखी एका पुस्तिकेचा विषय होता आवर्ती दशांशांची चक्रे, आणि इथे मला त्या मुलाची वही एकाएकी समजली.

एकांच्या माळेला भागणे हा इतर भागाकारांसारखा भागाकार नव्हे. वरून दर वेळी एकच आकडा उतरतो: एक. म्हणून पुढे काय होणार हे फक्त हातातल्या बाकीवर ठरते. सातने भागा. बाक्या येतात १, ४, ६, ५, २, ०. सहाव्या एकाला शून्य आले, आणि सातव्यापासून पुन्हा तोच फेरा सुरू. याचा अर्थ सात हा सहा, बारा, अठरा एकांच्या माळेला भागतो आणि दुसऱ्या कोणालाच नाही. प्रत्येक मूळ संख्येचा असा स्वतःचा फेरा असतो (२ आणि ५ सोडून; एकात संपणाऱ्या माळेला त्या कधीच भागत नाहीत). अकराचा फेरा दोनचा, सदतीसचा तीनचा, एकेचाळीसचा पाचचा, तेराचा सहाचा, एकतीसचा पंधराचा, सतराचा सोळाचा. एकोणीस एकांना भागायचे तर जिचा फेरा नेमका एकोणीसचा आहे अशी मूळ संख्या हवी. आणि तशी संख्या लहानांमध्ये असूच शकत नाही, कारण ती ३८ च्या एखाद्या पटीहून एकाने मोठी असावी लागते. ३९, ७७, ११५, १५३ तर स्वतःच फुटतात. पहिली उमेदवार मूळ संख्या १९१. त्या मुलाने ९७ पर्यंत केलेले सारे भागाकार आधीपासूनच निष्फळ होते. पण त्यांत प्रत्येक ठिकाणी त्याने बाक्या लिहून ठेवल्या होत्या, आणि सातच्या पानावर शून्याभोवती गोल केला होता, हे मला स्वच्छ आठवले. पाहूनही मी ते पाहिले नव्हते.

हाच फेरा अपूर्णांकातही दिसतो. १ भागिले ४१ म्हणजे ०.०२४३९ ०२४३९..., आणि १ भागिले २७१ म्हणजे ०.००३६९ ००३६९.... दोघांचाही फेरा पाचाचा, कारण दोघे मिळून पाच एक होतात. आता २४३९ म्हणजे २७१ च्या नऊपट आणि ३६९ म्हणजे ४१ च्या नऊपट! पाच एकांच्या त्या दोन भागीदारांनी एकमेकांचे नाव आपल्या दशांशात कोरून ठेवले आहे. एकोणीस एकांना भागीदार नाही. म्हणून १ ला त्या संख्येने भागले तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्ये येतात, मग एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये, पुन्हा नऊ. एकोणीसचा फेरा असलेली मूळ संख्या साऱ्या अंकविश्वात ही एकच आहे. तेरा एकांच्या बाबतीत पाहा, ५३, ७९ आणि २६५३७१६५३ अशा तिघांनी तो फेरा वाटून घेतला आहे.

संख्या केवढी मोठी, हेही सांगायला हवे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत यांपासून अठरा स्थानांची नावे दिली आहेत. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, आणि अठरावे परार्ध. आपल्या एकावळीला एकोणीस स्थाने आहेत. म्हणजे आचार्यांची नावे संपल्यावर तिचा एक मणी शिल्लक राहतो. ती वाचायची झाली तर 'अकरा परार्ध' अशी सुरुवात करावी लागेल, मग एक मध्य, एक अंत्य, एक जलधि, असे उतरत यावे लागेल. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी ती सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट घेतली, तर साठाव्या घरात दाण्यांचा एकूण ढीग आपल्या संख्येला ओलांडतो.

मग अशी संख्या फुटत नाही हे कोणी कसे ठरवावे? त्या मुलाच्या वाटेने गेले तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्या पाच कोटींहून अधिक. ३८ ची अट लावून गाळल्या तरी तीसेक लाख उरतात. मिनिटाला एक भागाकार आणि दिवसाचे आठ तास धरले, सुटी न घेता, तर सतरा वर्षे. आलापल्लीच्या वहीत ते मावणारे नव्हते.

दुसरी वाट फ्रेंचांनी दाखवली. सतराव्या शतकातल्या फर्माचा एक नियम आहे: मूळ संख्या घ्या, जिला ती भागत नाही अशी कोणतीही संख्या घेऊन तिचा, मूळ संख्येहून एकाने कमी इतका घात करा, मूळ संख्येने भागल्यावर बाकी एकच उरते. उलट दिशेने हा नियम फसवतो, कारण काही फुटणाऱ्या संख्याही एक बाकी देऊन वेश पालटतात. एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्यूकाने फसवणुकीचे दार बंद केले. त्याने सांगितले, संशयित संख्येच्या अलीकडच्या शेजारणीचे सगळे मूळ अवयव मला द्या. त्या प्रत्येकाने घातांक कमी करून पाहीन. तिथे एक बाकी येत नसेल तर संख्या निश्चित मूळ. म्हणजे स्वतः न फुटणारीची परीक्षा शेजारीण किती फुटते यावर!

आणि आपल्या एकावळीची शेजारीण कोण? शेवटच्या एकाचे शून्य करा: अठरा एक आणि एक शून्य. अठरा ही फुटणारी गिनती असल्याने ती माळ विस्कटून पडते. २, ५, ३ दोनदा, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. या सर्वांचा गुणाकार केला की शेजारीण तयार. कागद-पेन्सिलीने ज्याला पडताळायचे असेल त्याला १००१ गुणिले ९९९००१ पासून आरंभ करता येईल. एकदा हे अवयव हाती आले की वर्गामागून वर्ग करीत, साठेक पायऱ्यांत एक घात, असे सहाशे-सातशे पायऱ्यांचे काम उरते. चिवट माणसाच्या आवाक्यातले.

एकोणीसनंतर तेवीस एकांची माळ निघाली. लेहमर आणि क्रायचिक या दोघांनी ती १९२९ मध्ये स्वतंत्रपणे शोधली. मग मोठी सामसूम. संगणक आल्यावर, १९६६च्या सुमारास, ३१७ एकांची माळ मूळ असावी असा दाट संशय आला; सिद्धतेला आणखी अकरा वर्षे लागली. म्हणजे मी आलापल्लीला फळ्यासमोर उभा होतो तेव्हा खात्रीच्या तीनच होत्या: दोन, एकोणीस आणि तेवीस. पुढे १०३१ एकांची माळ १९८६ मध्ये सिद्ध झाली. कापरेकरही त्याच वर्षी गेले. २००२ मध्ये आपल्याच कानपूरच्या आय.आय.टी.तले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळत्व खात्रीने व वाजवी वेळात ठरवणारी रीत शोधून जगाला थक्क केले. ४९,०८१ एकांच्या माळेवर १९९९ पासून संशय होता, ती २०२२ मध्ये सिद्ध झाली. ८६,४५३ ची २०२३ मध्ये.

उपयोग काय, असे कोणी विचारीलच. मोठमोठ्या मूळ संख्यांच्या जोरावर आज बँकांचे संदेश कुलूपबंद होतात, हे खरे. पण तिथे लपलेल्या मूळ संख्या लागतात, आणि एकावळी तर फळ्यावर लिहिता येते. तिचे कुलूप शेजारचे पोरही उघडील. तिला उपयोग नाही, हे मी सरळ मान्य करतो.

गेल्या पौषात एका लग्नाच्या निमित्ताने पुष्कळ वर्षांनी आलापल्लीला गेलो. रस्ता सुधारला आहे. डेपोतला वास तोच आहे. चौकशी करता करता त्या मुलाचे घर सापडले. मुलगा कसला, साठी उलटलेला, वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने पाया पडायला वाकायच्या आत मी त्याला खांद्यांना धरले आणि खुर्चीवरही न बसता सांगून टाकले, "एकोणीस एकांचे तुझेच बरोबर होते. ती फुटत नाही. मी चुकलो होतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग संकोचून म्हणाला, "कोणते एकोणीस, गुरुजी?"

त्याला आठवत नव्हते. मी पन्नास वर्षे वाहिलेली गोष्ट तो केव्हाच विसरला होता. मी पाऊस सांगितला, पत्रा सांगितला, वही सांगितली. वहीचे नाव काढल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. "वहीवरून बाप लई रागावला होता," तो म्हणाला. "रविवारच्या बाजारातून आणली होती नवी. दोन दिवसांत भरवली म्हणून. मी म्हटलं, गुरुजींनी सांगितलं होतं."

मी सांगितले नव्हते. उलटच सांगितले होते. पण ते त्याला पुन्हा सांगायचा धीर मला झाला नाही.

चहा आला. त्याची आठवीतली नात दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्या वहीवर एकोणीस एक लिहून दाखवले, मग तेवीस. आजोबाने वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला आणि तेवीसच्या माळेखाली सातने भागायला सुरुवात केली. एक, चार, सहा, पाच, दोन, शून्य. हात कुठेही अडखळला नाही.

"हीसुद्धा नाही फुटत?" त्याने विचारले.

"नाही."

"अन् याच्यापुढं?"

मी ३१७ सांगितली, १०३१ सांगितली, ४९,०८१ सांगितली. वहीत तेवढे एक लिहायला किती पाने लागतील याचा हिशेब नात बोटांवर करू लागली.

"मग या संपतात का कुठं?"

"ते अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही," मी म्हणालो. "संपतात असेही नाही, आणि संपत नाहीत असेही नाही."

त्याने मान हलवली, नातीकडून पेन्सिल मागून घेतली आणि पुढच्या ओळीत तेराने भागायला घेतले.